माणसे वाढतात तेव्हा नेमके काय अपुरे पडते? मुंबई ते विरार पट्ट्याचा हिशेब

2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची लोकसंख्या घटली. ती 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत शेजारचा ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला आणि देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. (पालघर तेव्हा ठाण्यातच होते, तो स्वतंत्र जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला.) लोकसंख्यावाढीमुळे साधनसंपत्तीवर, पर्यावरणावर आणि सार्वजनिक सेवांवर ताण येतो, हे वाक्य आपण शाळेच्या निबंधापासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही, पण इतके ढोबळ आहे की त्यातून काहीच कळत नाही. राज्याचा एकूण आकडा पाहून ताण समजत नाही. माणसे कोणत्या जागी, किती वेगाने आणि कोणत्या सोयी तयार होण्याआधी येऊन राहिली, हे पाहिले तरच तो समजतो. त्यासाठी मुंबईपासून वसई-विरारपर्यंतच्या पट्ट्याइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. लोकसंख्या वाढते ती लोक फार मुले जन्माला घालतात म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महाराष्ट्रात ती आता लागू पडत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, 1992-93 मध्ये, राज्यातील एका स्त्रीला सरासरी 2.9 अपत्ये होती; 2019-21 च्या पाचव्या फेरीत हा दर 1.7 झाला. एका पिढीची जागा पुढच्या पिढीने जेमतेम भरून काढायला 2.1 चा दर लागतो, असे मानतात. म्हणजे महाराष्ट्र त्या रेषेच्या बराच खाली आला आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने टिंगल आणि रोष आला होता. शंभर वर्षांनी त्यांचे म्हणणे गावोगावच्या घरांनी कोणताही गाजावाजा न करता स्वीकारले आहे.

मग संख्या वाढते कशी? एक कारण वयोरचनेत दडलेले आहे. एखाद्या आजीला पाच मुले झाली आणि त्या पाचही मुलांनी दोन-दोन अपत्यांवर थांबायचे ठरवले, तरी आजीला दहा नातवंडे होतात. जन्मदर खाली येतो, पण जन्म देण्याच्या वयात आलेल्यांची संख्या आधीच्या मोठ्या पिढीमुळे जास्त असते. त्यामुळे धावत्या गाडीला ब्रेक लावल्यावर ती जशी काही अंतर पुढे जाऊनच थांबते, तशी लोकसंख्या दोन-तीन दशके वाढत राहते. त्यातच आयुर्मान वाढले आहे. दुसरे कारण स्थलांतराचे. रत्नागिरीच्या गावातून, मराठवाड्याच्या तालुक्यातून किंवा उत्तर प्रदेशातून निघालेला माणूस देशाची लोकसंख्या वाढवत नाही, पण तो जिथे उतरतो तिथल्या नळावर, शाळेवर आणि रेल्वेच्या दारावर त्याचा भार पडतोच. तिसऱ्या कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. परळच्या किंवा गिरगावच्या एका खोलीत राहणारे आठ जणांचे कुटुंब फुटून बोरिवली, नालासोपारा आणि बदलापूर येथे तीन घरे होतात, तेव्हा माणसे तितकीच राहतात; पण घरे तीन, शौचालये तीन, गॅसजोडण्या तीन आणि धुलाईची यंत्रेही तीन होतात. जुन्या मुंबईची लोकसंख्या घटली त्यामागे हेच घडले होते. गिरण्या बंद झाल्या, जागांचे भाव वाढले आणि चाळीतली पुढची पिढी उपनगरांत व तिथून पुढे विरार-कर्जतकडे सरकली.

आता एक लाख माणसे नव्याने राहायला आली, तर काय लागते ते मोजून पाहू. भूमिगत गटारे असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावे, असा केंद्र सरकारचा निकष आहे. त्या हिशेबाने एक लाख लोकांना रोज 1 कोटी 35 लाख लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरच्या टँकरने ते आणायचे म्हटले, तर रोज 1,350 फेऱ्या होतात. वापरलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते, म्हणजे कोटीभर लिटर पाणी रोज कुठेतरी नेऊन शुद्ध करायचे आहे. माणशी अर्धा किलो कचरा धरला तर रोज 50 टन झाले. लाखात सहा ते चौदा वयाची पंधरा हजार मुले धरली आणि एका वर्गात तीस मुले बसवली, तर पाचशे वर्ग हवेत. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दर हजारी दोन खाटांचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यानुसार दोनशे खाटांचे एक रुग्णालय हवे. नगरनियोजनाच्या केंद्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सोडायची तर किमान शंभर हेक्टर जमीन बांधकामापासून दूर ठेवावी लागेल. या यादीत रस्ते, वीज, अग्निशमन केंद्र, बाजार आणि स्मशानभूमी अजून धरलेलीच नाहीत.

एक लाख माणसांसाठी इमारती उभ्या राहायला चार-पाच वर्षे पुरतात. वर सांगितलेली एकेक गोष्ट उभी राहायला मात्र दहा, वीस, कधी पंचवीस वर्षे लागतात. या दोन वेगांमधल्या अंतरात ताण जन्माला येतो, आणि हे अंतर रिकामे राहत नाही. पाण्याच्या बाबतीत ते टँकरवाला भरून काढतो, घरांच्या बाबतीत अनधिकृत इमारत बांधणारा, आणि प्रवासाच्या बाबतीत डब्याच्या दारात लटकणाऱ्या माणसाचे मनगट.

मुंबईच्या पाण्याचा इतिहास म्हणजे या अंतराचाच इतिहास आहे. विहार तलाव 1860 मध्ये झाला, तुळशी 1879 मध्ये आणि तानसा 1892 मध्ये. शहर जसे वाढत गेले तसा पाण्याचा शोध शहरापासून दूर, सह्याद्रीच्या दिशेने सरकत गेला. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडक सागर, 1970 च्या दशकात अप्पर वैतरणा, त्यानंतर भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा असे एकेक धरण जोडले गेले. या सात तलावांतून मुंबईला आज रोज सुमारे 385 कोटी लिटर पाणी मिळते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातशाचे असते. मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ ही तीन धरणे बांधावीत, अशी शिफारस माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात केली होती. त्यातले रोज 45 कोटी 50 लाख लिटर देणारे मध्य वैतरणा पूर्ण व्हायला वीस वर्षे लागली, आणि उरलेली दोन धरणे तीस वर्षांनंतरही उभी नाहीत. गारगाई रखडण्याचे कारण केवळ सरकारी दिरंगाई नव्हे. तिच्या पाण्याखाली तानसा अभयारण्याच्या परिसरातले जंगल आणि लाखो झाडे जाणार आहेत, काही आदिवासी गावे उठवावी लागणार आहेत. धरण नको म्हणावे तर शहराला पाणी कुठून द्यायचे, आणि हवे म्हणावे तर जे जंगल पावसाचे पाणी धरून ठेवते तेच बुडवायचे. साधनसंपत्तीवरचा ताण म्हणतात तो हाच.

ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा येतो, त्या तालुक्यातल्या गावपाड्यांना दरवर्षी उन्हाळ्यात टँकर लागतात. हे ऐकले की पहिल्यांदा अन्याय आठवतो आणि तो आहेच, पण त्यामागचे भूगोलाचे कारणही समजून घ्यायला हवे. धरण खोऱ्याच्या तळाशी असते. तिथून समुद्रसपाटीला असलेल्या मुंबईकडे पाणी बरेचसे उताराने जाते, तर शहापूरचे पाडे डोंगरउतारावर, धरणाच्या पातळीच्या वर असतात. त्यांना पाणी द्यायचे तर ते उपसून चढवावे लागते, त्याला वीज लागते, विजेचे बिल भरायला ग्रामपंचायतीकडे पैसा लागतो. शिवाय खालचा कातळ पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे धो धो पाऊस पडून गेला तरी मार्चमध्ये विहिरी तळ दाखवतात. वरच्या बाजूच्या, इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना आखली गेली आहे, पण तिची वाट पाहण्यात अनेक उन्हाळे गेले. एक कोटी मतदारांच्या शहरासाठी शंभर किलोमीटर जलवाहिनी टाकता येते आणि पाचशे वस्तीच्या पाड्यासाठी दहा किलोमीटर टाकायला वर्षे जातात. याचे स्पष्टीकरण कोणत्याही लोकसंख्याशास्त्रात सापडणार नाही.

विरारच्या अलीकडची जमीन

वसई तालुका हा एकेकाळी वाड्यांचा, केळीच्या बागांचा, पानवेलींचा आणि फुलांचा मुलूख होता. इथल्या वाड्यांमध्ये विहिरीबरोबर एक बावखल असे. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला खणलेले उथळ तळे. पावसाळ्यात ते भरे, त्यातले पाणी हळूहळू जमिनीत मुरे, आणि त्यामुळे समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीचे पाणी मेपर्यंत गोड राही. लोकांनी हे कुठल्या ग्रंथात वाचून केले नव्हते, पण त्यामागे पक्के शास्त्र आहे. किनारपट्टीत जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगत असते. उपशामुळे गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली, तर खालची खाऱ्या पाण्याची सीमा तत्त्वतः सुमारे चाळीस मीटर वर सरकते. इतक्या नाजूक तोलावर उभ्या असलेल्या विहिरींतून नव्या इमारतींसाठी पंप लावून टँकर भरायला सुरुवात झाली, तेव्हा आधी विहिरी खाऱ्या झाल्या आणि मग बागा सुकल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले ते याच पाण्यासाठी आणि जमिनीसाठी. पुढे अनेक बावखलांवर भराव पडला आणि त्यांच्या जागी इमारती आल्या.

2001 च्या जनगणनेत विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपालिकांची मिळून लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आत होती. 2009 मध्ये आजूबाजूची गावे घेऊन महानगरपालिका झाली आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 12 लाख 22 हजार भरली. गावे जोडल्याने हे दोन आकडे काटेकोरपणे ताडून पाहता येत नाहीत, तरी वेग लक्षात येतो. या शहराला अनेक वर्षे सूर्या, उसगाव आणि पेल्हार या धरणांतून मिळून रोज 23 कोटी लिटर पाणी मिळत होते. 2011 च्या लोकसंख्येने भागले तर माणशी 188 लिटर येते आणि चिंतेचे कारण दिसत नाही. पण त्यानंतर लोकसंख्या वीस लाखांवर गेली असे धरले, तर तोच आकडा 115 लिटरवर येतो, आणि गळती वजा केल्यावर नळाला प्रत्यक्षात काय पोहोचत असेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. शेवटी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने सूर्या धरणातूनच रोज 40 कोटी 30 लाख लिटर पाणी आणण्याची योजना केली. त्यात वसई-विरारचा वाटा 18 कोटी 50 लाख लिटर आणि मीरा-भाईंदरचा 21 कोटी 80 लाख लिटर. तिचे पाणी वसई-विरारला 2023 च्या अखेरीस मिळू लागले.

इथेही पाणी आकाशातून पडलेले नाही. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू, पालघर आणि विक्रमगड भागातील शेतीच्या सिंचनासाठी बांधला गेला होता. त्यासाठी विस्थापित झालेल्या आदिवासींना आणि कालव्याखालच्या शेतकऱ्यांना जे पाणी सांगितले होते, त्यातलेच शहरांकडे वळवण्यात आले, म्हणून तिथे मोठा विरोध झाला. शहरातल्या फ्लॅटधारकाला नळाला पाणी आले याचा आनंद होतो आणि तो रास्तच आहे, कारण त्याने वर्षानुवर्षे कर भरून टँकरचे पाणी विकत घेतले आहे. फक्त त्या आनंदाची एक बाजू पालघरच्या शेतात, उन्हाळी पिकाच्या ठिकाणी असते.

पाण्याची टंचाई निदान दिसते. सांडपाण्याचे तसे नाही. ते दिसेनासे झाले की माणसांना प्रश्न सुटला असे वाटते. वसई-विरारमध्ये निर्माण होणाऱ्या सांडपाण्यापैकी लहानसाच हिस्सा शुद्ध होतो आणि बाकीचे नाल्यांवाटे खाडीत जाते. याबद्दल राष्ट्रीय हरित लवादानेही दखल घेतली. सांडपाणी प्रकल्प बांधायला आधी जागा लागते, आणि या जागेची कथा सगळ्या विषयाचे सार म्हणावे अशी आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्पासाठी आणि कचराभूमीसाठी आरक्षित ठेवलेल्या जमिनीवर 41 अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. त्यांत सुमारे अडीच हजार कुटुंबे राहायला आली. न्यायालयाच्या आदेशाने 2025 च्या सुरुवातीला त्या पाडण्यात आल्या. त्या कुटुंबांनी आयुष्यभराची कमाई देऊन घरे घेतली होती. मुंबईत परवडत नाही, म्हणूनच ती इथवर आली होती. याच शहरात ऑगस्ट 2025 मध्ये विरारची एक अनधिकृत इमारत कोसळून 17 जणांचा जीव गेला. गरजू माणसे वाढली आणि परवडणारी अधिकृत घरे वाढली नाहीत, की मधली जागा कोण आणि कशी भरतो, ते यातून दिसते.

मिठागरे, खाजणे म्हणजे खाडीकाठच्या पाणथळ जमिनी, आणि भातखाचरे ही या पट्ट्याची पावसाळी पाणी साठवण्याची नैसर्गिक भांडी होती. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर नाल्यांचे पाणी समुद्र घेत नाही. ओहोटी लागेपर्यंत काही तास ते कुठेतरी थांबावे लागते, आणि ते खाजणात थांबत असे. ही भांडी भरावाने भरली की पाणी घरांत थांबते. जुलै 2018 मध्ये नालासोपारा-वसई परिसर कित्येक दिवस पाण्यात होता आणि रुळांवर पाणी साचून रेल्वेही थांबली होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस कोणत्याही शहराला बुडवेल हे खरे, पण मिठी नदीचे पात्र दोन्ही बाजूंनी आवळलेले नसते तर पाणी इतके चढले नसते आणि इतका वेळ थांबलेही नसते.

कचरा, गाडी आणि खाट

देवनारची कचराभूमी 1927 पासून वापरात आहे. ती सुरू झाली तेव्हा शहराबाहेर होती. शहर वाढत वाढत तिच्या कुंपणापर्यंत पोहोचले. जानेवारी 2016 मध्ये तिथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती, धुरामुळे पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर महिन्याभरात मुंबई उच्च न्यायालयाने एक असा आदेश दिला, ज्याची आठवण फारशी कुणाला नसते: कचऱ्याची शास्त्रीय सोय होत नाही तोवर मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून ही बंदी शिथिल केली. बंदी योग्य होती की नाही यावर वाद होऊ शकतो, पण त्यामागचा विचार सरळ होता. नवे घर म्हणजे नवा कचरा, आणि तो टाकायला जागा नसेल तर घराची परवानगी कोणत्या आधारावर द्यायची? आपल्या नगरनियोजनात हा प्रश्न न्यायालयाला विचारावा लागला, यातच बरेच काही आले.

लोकलबद्दल मुंबईकराला नव्याने काय सांगायचे? गर्दीची परिसीमा दाखवण्यासाठी रेल्वेने स्वतःच एक माप मान्य केले आहे: एक चौरस मीटर जागेत उभी असलेली चौदा ते सोळा माणसे. साध्या सतरंजीच्या अर्ध्या तुकड्यावर इतकी माणसे उभी करून पाहिली तर त्या आकड्याचा अर्थ कळेल. उपनगरी रेल्वेमार्गांवर 2023 मध्ये अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यात रूळ ओलांडणारे आणि गाडीतून पडणारे अशा दोन्हींचा मोठा वाटा आहे. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले आणि किमान चौघांचा मृत्यू झाला. त्याच भागातल्या ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेला 2008 मध्ये मंजुरी मिळाली होती आणि ती फेब्रुवारी 2022 मध्ये खुली झाली. साधारण नऊ किलोमीटरला चौदा वर्षे. या चौदा वर्षांत दिवा, डोंबिवली, कल्याण आणि त्यापलीकडच्या गावांत किती इमारती झाल्या, ते रेल्वेच्या खिडकीतूनच दिसते.

रुग्णालयांची गोष्ट त्याच वळणाची आहे. इमारती उपनगरांकडे सरकल्या, पण मोठी सार्वजनिक रुग्णालये बव्हंशी जुन्या मुंबईतच राहिली. केईएम रुग्णालय 1926 मध्ये परळला सुरू झाले, तेव्हा भोवताली गिरणगाव होते. आज तिथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत पालघर, शहापूर, कर्जतपासून आलेली माणसे दिसतात, कारण त्यांच्या गावाजवळ ती सेवा नाही. खाटांची संख्या एकूण लोकसंख्येशी ताडून पाहिली तर तुटवड्याचे अर्धेच चित्र दिसते. अर्धा तुटवडा अंतराचा असतो. पहाटे साडेतीनला घर सोडून पहिली लोकल पकडणाऱ्या रुग्णाचा तो खर्च कोणत्याही हिशेबात येत नाही.

आणि हे सर्व नियोजन कोणत्या आकड्यावर चालते? 2011 च्या. 2021 ची जनगणना आधी कोविडमुळे आणि नंतर इतर कारणांनी लांबत गेली. आता पुढील जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. दरम्यान अन्नसुरक्षा कायद्याखालील महाराष्ट्राची लाभार्थीसंख्या 2011 च्या लोकसंख्येच्या आधारे सुमारे 7 कोटींवर गोठलेली आहे. 2013 नंतर पालघरच्या एखाद्या चाळीत संसार थाटलेल्या कुटुंबाला नव्या रेशनकार्डासाठी जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते ती या कारणाने. नवी माणसे जन्मली, आली, राहिली, पण कागदावर ती अजून मोजलेली नाहीत.

डोकी मोजून भार कळत नाही

मुंबईचे रोजचे 385 कोटी लिटर पाणी 2011 च्या 1 कोटी 24 लाख लोकसंख्येने भागले, तर माणशी 310 लिटर येते. हा आकडा 135 लिटरच्या निकषाच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही शहर तहानलेले आहे. यातले काही पाणी कारखाने, कार्यालये आणि हॉटेलांना जाते, काही रोज बाहेरून येणाऱ्या लाखो लोकांना, पण पाव ते एक-तृतीयांश पाणी गळती आणि चोरीत जाते. उरलेले सारखे वाटले जात नाही. झोपडपट्टीसाठी पालिकेचा जुना हिशेब माणशी 45 लिटरचा होता; अनेक वस्त्यांना अधिकृत नळजोडणीच मिळत नसे, कारण वस्ती बेकायदा आहे म्हणून पाणीही नाही, असे धोरण होते. डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाने पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून हे धोरण फिरवले. आता असे पाहा: पोहण्याचा तलाव, गाड्या धुण्याची सोय आणि तीन न्हाणीघरांची घरे असलेल्या एका टॉवरमधली शंभर कुटुंबे आणि वस्तीतली शंभर कुटुंबे जनगणनेत जवळपास सारखीच मोजली जातात. तलावावर पडणारा त्यांचा भार सारखा नसतो. म्हणून ‘लोंढ्यां’मुळे शहर बुडाले असे कुणी म्हणाले, की मला पहिल्यांदा पाण्याचे मीटर पाहावेसे वाटते.

याचा अर्थ संख्या महत्त्वाची नाही असा नाही. माणशी वापर कितीही आवरला तरी दर माणसाला काही किमान पाणी, किमान जागा, किमान हवा लागतेच, आणि सह्याद्रीतली धरणाजोगी खोरी मोजकीच आहेत. पण संख्येवर तातडीने काही करता येत नाही. 1.7 चा जन्मदर आणखी खाली ओढून पुढच्या वीस वर्षांतली वाढ फारशी बदलणार नाही, कारण तेव्हा घर शोधणारी माणसे आजच जन्मलेली आहेत. बदलता येते ते वर सांगितलेले अंतर. मुंबईची गळती निम्म्यावर आणली तरी मध्य वैतरणाएवढे पाणी जागेवर मिळू शकते, त्यासाठी एकही झाड बुडवावे लागत नाही. मुंबई महापालिकेच्या नव्या सात सांडपाणी प्रकल्पांची क्षमता मिळून रोज 246 कोटी लिटरच्या घरात आहे. त्यांतून निघणाऱ्या शुद्ध पाण्याचा काही भाग उद्योगांना, बागांना आणि बांधकामांना दिला, तर तेवढे धरणाचे पाणी नळासाठी मोकळे होते. वसईत उरलेली बावखले टिकवण्याचा खर्च नव्या जलवाहिनीच्या तुलनेत नगण्य आहे. घराला परवानगी देण्याआधी पाणी, सांडपाणी आणि शाळेची सोय कागदावर न दाखवता जागेवर दाखवायला लावणे, हे तर फक्त नियम पाळण्याचे काम आहे.

दरम्यान वाढ पुढे सरकली आहे. विरार ते डहाणू मार्गाचे चौपदरीकरण सुरू आहे, डहाणूजवळ वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये झाले, आणि सफाळे, पालघर, बोईसरच्या स्थानकांबाहेर घरांच्या जाहिरातींचे फलक लागले आहेत. या गावांना पाणी द्यायचे म्हटले तर सर्वांत जवळचे मोठे धरण सूर्याचेच आहे, आणि त्यातले रोजचे 40 कोटी 30 लाख लिटर पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदर यांच्या नावावर आधीच लागलेले आहे.